दोघांची एक झेप : जोडीच्या चीअरलीडिंगमधील टॉसच्या तंत्राविषयी (प्रस्तावना)

चीअरलीडिंगमध्ये ज्याला पार्टनर स्टंट म्हणतात, त्या कसरतीत जमिनीवर उभा असलेला एक खेळाडू आपल्या जोडीदाराला खांद्याच्या किंवा डोक्याच्याही वरच्या उंचीवर तळहातांवर तोलून धरतो; खालच्या खेळाडूला बेस, वरच्या खेळाडूला फ्लायर, आणि दोघांच्या मागे किंवा बाजूला हात उचलून सज्ज असणाऱ्या तिसऱ्या खेळाडूला स्पॉटर म्हणतात. फ्लायरला त्या उंचीवर पोहोचवण्याचे मुख्य मार्ग दोन आहेत. तिने बेसच्या हातात पाऊल ठेवून पायरी चढावी तसे वर जावे, हा एक. आणि दोघांनी एकाच क्षणी जोर लावून तिला जमिनीवरून सरळ हवेत धाडावे व ती वर असतानाच बेसने तिची पावले तळव्यांत झेलावीत, हा दुसरा. या दुसऱ्या मार्गाला टॉस म्हणतात, आणि प्रस्तुत ग्रंथाचा विषय तेवढाच आहे. पाय जमिनीवरून सुटल्यापासून ते तळव्यांत येईपर्यंत पुरता एक सेकंदही जात नाही, तरीही हा एवढासा काळ नीट वापरता यावा म्हणून अमेरिकेतील महाविद्यालयीन संघांत शिकणाऱ्या जोड्या महिनोन्‌महिने आणि पुष्कळदा वर्षानुवर्षे घाम गाळतात. त्या घामाचा मोठा भाग चुकीच्या ठिकाणी खर्च होतो, ही या ग्रंथामागची मूळ जाणीव आहे.

मराठी वाचकाच्या मनात चीअरलीडिंग हा शब्द उच्चारताच जे चित्र उभे राहते ते बहुधा २००८ साली सुरू झालेल्या आयपीएलमधील, सीमारेषेजवळच्या मंचावर चौकार-षटकारांनंतर नाचणाऱ्या तरुणींचे असते. ते चित्र खोटे नाही, परंतु ते एका मोठ्या वृक्षाच्या एका फांदीचे आहे. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉल संघांनी, विशेषतः १९७२ पासून डॅलस काउबॉईजच्या नृत्यपथकाने, ही फांदी वाढवली, आणि तिच्यात नृत्य मुख्य तर कसरत नाममात्र असते. विद्यापीठांत वाढलेली दुसरी फांदी मात्र कसरतीची आहे. तिच्या जवळ जाणारे काही महाराष्ट्रात शोधायचे झाल्यास ते दहीहंडीच्या थरांत सापडेल. तेथेही खालच्याला वरच्याचा चेहरा दिसत नाही, तेथेही माणसाच्या अंगावर माणसाचा भार विश्वासाने सोपवला जातो, आणि पडणाऱ्याला झेलण्यासाठी भोवती उभ्या राहिलेल्या गोविंदांचे काम स्पॉटरच्या कामाशी नाते सांगते. फरक असा, की थरात भार चढत जातो आणि एकेका खांद्यावर स्थिरावतो, तर टॉसमध्ये तो काही काळ कोणाच्याच हातात नसतो. थर लावणाऱ्याला सहनशक्ती लागते. टॉस करणाऱ्याला त्याहून वेगळे काही लागते, आणि ते काय हे समजण्यासाठी आधी या विद्येचा प्रवास पाहणे सोयीचे ठरेल.

चीअरलीडिंगचा जन्म घोषणेत झाला. प्रिन्स्टन विद्यापीठातील सामूहिक घोषणांची प्रथा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात पोहोचली आणि तेथे २ नोव्हेंबर १८९८ रोजी जॉनी कॅम्पबेल या विद्यार्थ्याने फुटबॉल सामन्यात प्रेक्षकांसमोर उभे राहून त्यांच्याकडून घोषणा म्हणवून घेतल्या. ही तारीख संघटित चीअरलीडिंगचा आरंभ मानली जाते. प्रारंभीची कित्येक वर्षे हे काम पुरुषांचे होते आणि त्याला मानही होता. फ्रँकलिन रूझवेल्ट, ड्वाइट आयझेनहॉवर आणि रोनाल्ड रेगन हे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले तिघेही विद्यार्थिदशेत चीअरलीडर होते. स्त्रियांचा प्रवेश १९२० च्या दशकात झाला, आणि दुसऱ्या महायुद्धासाठी तरुण पुरुष सैन्यात गेल्यावर रिकाम्या झालेल्या जागा स्त्रियांनी भरल्या, त्या कायमच्या. १९४८ साली लॉरेन्स हर्किमर यांनी टेक्सासमधील हंट्सव्हिल येथे भरवलेल्या पहिल्या शिबिराला ५२ मुली आणि एक मुलगा आला होता, यावरून हा बदल किती वेगाने झाला ते कळते. हर्किमर यांनी स्थापलेल्या नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशनने शिबिर ही संस्था रुजवली, आणि त्यामुळे गावोगावची तंत्रे एकमेकांत मिसळू लागली.

टॉसच्या दृष्टीने निर्णायक काळ १९७० च्या दशकाचा आहे. ओक्लाहोमा विद्यापीठात चीअरलीडर राहिलेले जेफ वेब यांनी १९७४ साली युनिव्हर्सल चीअरलीडर्स असोसिएशन स्थापन केली आणि घोषणा, उड्या व हातांच्या ठाशीव हालचाली यांच्या जोडीला जिम्नॅस्टिक्स आणि उंच स्टंट यांना शिबिरांत जाणीवपूर्वक स्थान दिले. १९७८ मध्ये सीबीएस वाहिनीने महाविद्यालयीन स्पर्धा दाखवली, १९८० च्या दशकात ईएसपीएननेही त्या दाखवण्यास प्रारंभ केला, आणि जे आजवर मैदानाच्या कडेला घडत होते ते प्रथमच कॅमेऱ्याच्या चौकटीच्या मध्यभागी आले. स्पर्धा आली की काठिण्य वाढते. खांद्यावर बसणे, खांद्यावर उभे राहणे या जुन्या जोडी-कसरतींवरून नजर पुढे सरकली आणि फ्लायरला थेट तळव्यांवर, मग डोक्याच्या वर, मग एकाच तळव्यावर नेण्याची चढाओढ लागली. हातातल्या हातात माणूस तोलण्याची कला त्याआधीही सर्कशीत आणि कॅलिफोर्नियातील सँटा मोनिकाच्या मसल बीचवर होती, आणि १९७४ साली मॉस्को येथे जागतिक स्पर्धा भरवण्याइतपत सोव्हिएत वर्तुळातील क्रीडा-अ‍ॅक्रोबॅटिक्सही विकसित झाली होती. परंतु बूट घातलेली पावले तळव्यांत झेलणे आणि तेही प्रेक्षकांकडे तोंड करून, हसऱ्या चेहऱ्याने, घोषणेच्या ठेक्यावर, ही चीअरलीडिंगची स्वतःची भर आहे.

या टॉसांची उतरंड नवागताने समजून घेणे आवश्यक आहे, कारण ग्रंथात ती नावे वारंवार येतात. फ्लायरची दोन्ही पावले बेसच्या खांद्याच्या उंचीवर, त्याच्या दोन तळव्यांत झेलली गेली की त्या स्थितीला हँड्स म्हणतात आणि तेथे नेणारा टॉस हा साऱ्या टॉसांचा पाया होय. हात पूर्ण ताणून पावले डोक्यावर झेलली तर ते एक्स्टेन्शन. फ्लायर एकाच पावलावर उभी राहून दुसरा गुडघा वर घेत असेल तर ती लिबर्टी. तिची दोन्ही पावले बेसच्या एकाच तळव्यात जुळवून धरली तर ती क्यूपी. हवेत एक पूर्ण गिरकी घेऊन झेलात येण्याला फुल-अप, तर मागे कोलांटी घेऊन थेट तळव्यांवर येण्याला रिवाइंड असे म्हणतात. अनेक बेसांनी मनगटे गुंफून केलेला बास्केट टॉस या कुटुंबाबाहेरचा आहे. त्यात फ्लायर उंच उडून पाळण्यासारख्या हातांत परत येते, उभी राहत नाही. हे सारे प्रकार दिसायला कितीही दूरचे वाटले, तरी क्यूपी आणि रिवाइंड फसण्याची कारणे बहुतांश वेळा हँड्सच्या पहिल्या टॉसमध्येच दडलेली असतात, आणि म्हणूनच या ग्रंथाने आपला अर्ध्याहून अधिक भार त्या एका साध्या टॉसवर ठेवला आहे.

टॉसविषयीची सर्वांत रूढ आणि सर्वांत घातक समजूत अशी, की तो उचलण्याचा प्रकार आहे. वास्तविक ती दोघांनी मिळून मारलेली एक उडी आहे. बेस फ्लायरच्या मागे, तिच्या पाठीशी जवळजवळ लागून उभा राहतो, त्याचे हात तिच्या कमरेच्या हाडांच्या किंचित वर असतात आणि तिचे हात त्याच्या मनगटांवर असतात. दोघेही घोटे, गुडघे आणि कमरेचे सांधे एकाच वेळी मोडून थोडे खाली जातात, या लवण्याला डिप म्हणतात, आणि क्षणाचाही विराम न घेता वर सुटतात. फ्लायर स्वतः उडी मारते आणि जमीन सुटल्यानंतर आपले तळवे बेसच्या मनगटांवर दाबून स्वतःला आणखी वर ढकलते. बेसचा जोर आधी पायांतून, मग कमरेतून, मग खांद्यांतून आणि सर्वांत शेवटी मनगटाच्या फटकाऱ्यातून तिच्यापर्यंत पोहोचतो. हा क्रम उलटला, म्हणजे पाय सरळ होण्याआधीच हात ओढू लागले, की पायांचा जोर वाया जातो आणि शरीरातले सर्वांत बलवान स्नायू केवळ बघ्याची भूमिका घेतात.

येथे थोडे गणित उद्बोधक ठरेल. १८० सेंटिमीटर उंचीच्या बेसचे तळवे हात पूर्ण ताणल्यावर जमिनीपासून सुमारे २.१ मीटरवर असतात, आणि मध्यम उंचीच्या फ्लायरची कंबर तिच्या पावलांपासून सुमारे एक मीटरवर असते. याचा अर्थ बेसने हात पूर्ण ताणेपर्यंत तिची कंबर सोडली नाही, तर सुटतानाच तिची पावले एक मीटरहून थोडी अधिक उंचीवर असतात. एक्स्टेन्शनसाठी तिला आणखी सुमारे एक मीटर वर जावे लागते आणि त्यासाठी सुटतानाचा वेग सेकंदाला ४.४ मीटर लागतो. डिपच्या तळापासून हात सुटेपर्यंत कंबर सुमारे १.४ मीटर प्रवास करते, आणि ५० किलो वजनाच्या फ्लायरला या प्रवासात तो वेग देण्यासाठी दोघांनी मिळून सरासरी ८५ किलो वजनाइतका जोर पुरवावा लागतो. आता बेसने घाईने, पावले शोधण्याच्या काळजीने, हात चेहऱ्यासमोर असतानाच तिची कंबर सोडली असे समजू. जोर लावण्याचा प्रवास अर्ध्या मीटरने घटला आणि तेवढीच उंची मोकळ्या उड्डाणाने भरून काढण्याची वेळ आली. परिणामी तोच टॉस साधण्यासाठी लागणारा सरासरी जोर सुमारे १३० किलोवर जातो. अर्ध्या मीटरची घाई जवळपास दीडपट बळाची मागणी करते. हातांनी फ्लायरचा अखेरपर्यंत पाठलाग करावा, असे प्रशिक्षक घसा कोरडा करून सांगतात त्याचे कारण हे आहे, आणि ते कारण समजलेला खेळाडू ती सूचना पुन्हा विसरत नाही.

हेच गणित एका वेदनादायक प्रश्नालाही उत्तर देते. टॉस फसला की फ्लायरच्या वजनाकडे बोट दाखवण्याची सवय या क्षेत्रात खोल रुजलेली आहे, आणि तिच्यापायी कितीतरी तरुण मुलींनी उपासमारीची वाट धरली आहे. फ्लायरचे वजन पाच किलोंनी वाढल्यास वरच्या उदाहरणातील जोराची गरज सुमारे आठ-नऊ किलोंनी वाढते. हात लवकर सोडल्याने ती चाळीस किलोंहून अधिक वाढते. तंत्रातील एका चुकीची किंमत वजनातील फरकाच्या कितीतरी पट असताना तिचे खापर त्या मुलीच्या ताटावर फोडणे हा अन्याय आहे, शिवाय ते चुकीचे निदानही आहे, कारण अन्न तोडलेली फ्लायर उडी मारण्याचे बळ गमावते आणि टॉस अधिकच जड होतो. प्रस्तुत ग्रंथात वजन कमी करण्याविषयी एक ओळही नाही, आणि ती गाळण्यामागे हा विचार आहे.

झेलाची बाजू फेकीइतकीच सूक्ष्म आहे. उड्डाणाच्या शिखराच्या आसपास फ्लायर जवळजवळ निश्चल असते. शिखराखालच्या पाच सेंटिमीटरच्या पट्ट्यात ती जाताना व येताना मिळून सुमारे एक पंचमांश सेकंद राहते, आणि एवढ्याच अवधीत बेसचे हात कमरेवरून पावलांखाली यावे लागतात. तो क्षण निसटून ती वीस सेंटिमीटर खाली आली, तर तिचा वेग सेकंदाला दोन मीटर झालेला असतो आणि तो दशांश सेकंदात थोपवायचा तर मनगटांवर तिच्या वजनाच्या तिप्पट भार येतो. उंच झेला, ही सूचना धाडसासाठी दिली जात नाही. बेसची मनगटे आणि फ्लायरचे घोटे शाबूत राहावेत म्हणून दिली जाते. फ्लायरच्या बाजूने पाहता या क्षणी तिचे काम दिसायला अत्यंत कमी आणि करायला अत्यंत कठीण असते : पोट आवळलेले, नजर समोर, पाय सरळ, आणि खाली पाहण्याचा मोह टाळलेला. ती वाकली की कमरेचा बिंदू मागे सरकतो, बेस तिच्यामागे पाऊल टाकतो, आणि सरळ रेषेत घडायची गोष्ट तिरपी होते.

या तंत्राविषयी एकमत मुळीच नाही, आणि मतभेदांचे स्वरूप समजल्याशिवाय क्षेत्राचा नकाशा पुरा होत नाही. एक परंपरा बळाची आहे. अमेरिकन विद्यापीठांत बेस होणारे अनेक तरुण फुटबॉल, कुस्ती किंवा व्यायामशाळेतून येतात, चीअरलीडिंगशी त्यांचा आधी संबंध नसतो, आणि त्यांना जे येते ते, म्हणजे खांदे व दंडांचे बळ, घेऊनच ते टॉस शिकतात. त्यांचे शिक्षणही मग वजने वाढवण्याच्या दिशेने जाते. दुसरी परंपरा लयीची आहे, जी डिपची खोली, मोजणी आणि दोन शरीरांची एकतानता यांवर भर देते व नवशिक्या जोडीला कित्येक दिवस केवळ लवणे आणि उडी मारून जागेवर परत येणे एवढेच करायला लावते. तिसरी परंपरा जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या फ्लायरांची आणि त्यांना घडवणाऱ्या प्रशिक्षकांची आहे. तिच्या मते टॉसचा खरा कारागीर वरचा खेळाडू असून बेस हा उडी मारण्याचा जिवंत आधार आहे. प्रत्यक्षात या परंपरा एकाच व्यायामशाळेत एकमेकींशेजारी नांदतात, आणि एकच प्रशिक्षक सोमवारी एक तर गुरुवारी दुसरी भाषा बोलताना आढळतो. डिप किती खोल असावा, मनगटावरचा दाब नेमका कधी द्यावा, क्यूपीकडे आधी हँड्सवरून जावे की थेट, या वादांत दोन्ही बाजूंनी उत्तम जोड्यांची उदाहरणे देता येतात.

ग्रंथाचा कौल लयीच्या परंपरेकडे आहे, हे लपवण्याचे कारण नाही. पण तो आंधळा नाही. लयीच्या पुरस्कर्त्यांनी बळाकडे केलेले दुर्लक्षही तितकेच महागात पडते, कारण वेळ अचूक साधूनही पायांत स्फोटक जोर नसेल तर फ्लायर खांद्यापर्यंतच पोहोचते. म्हणून खांद्यावरचा भार आधी गुडघ्यांच्या झटक्याने उडवून मग हातांनी पूर्ण वर नेण्याचा पुश प्रेस हा व्यायाम, किंवा जमिनीवरचा भार एका दमात खांद्यावर घेण्याचा पॉवर क्लीन, यांना ग्रंथात स्थान आहे. दोन्हींत जोराचा क्रम टॉससारखाच पायांकडून हातांकडे जातो. नुसते दंड फुगवणाऱ्या व्यायामांना ते स्थान नाही.

संस्थांच्या पातळीवरही भेद आहेत. युनिव्हर्सल चीअरलीडर्स असोसिएशनची महाविद्यालयीन स्पर्धा दर जानेवारीत फ्लोरिडातील ऑरलँडोजवळ होते आणि तिच्या संघ-सादरीकरणात प्रेक्षकांकडून घोषणा म्हणवून घेण्याला गुण असतात. नॅशनल चीअरलीडर्स असोसिएशनची स्पर्धा एप्रिलमध्ये डेटोना बीच येथे, समुद्रकिनाऱ्यावरच्या बँडशेल या खुल्या रंगमंचापाशी रंगते, जेथे समुद्राचा वारा हा टॉसमधील चौथा सहभागी असतो. टेक्सासमधील कॉर्सिकाना या छोट्या गावातील नव्हारो महाविद्यालयाचा संघ २०२० मध्ये नेटफ्लिक्सच्या ‘चीअर’ या मालिकेमुळे जगभर पोहोचला तो याच डेटोनाच्या तयारीच्या निमित्ताने. खासगी व्यायामशाळांतून वाढलेले ऑल-स्टार चीअरलीडिंग स्प्रिंग बसवलेल्या मंचावर चालते, तर महाविद्यालयीन संघ बहुधा स्प्रिंग नसलेल्या गादीवर उतरतात. स्प्रिंगवर टॉस शिकलेल्या जोडीला कठीण जमिनीवर आपली लय नव्याने शोधावी लागते, ही बाब अनुभवी प्रशिक्षकही कधी कधी विसरतात. अमेरिकेबाहेर जपान आणि थायलंड यांच्या संघांनी जागतिक स्पर्धांत पदके मिळवून हे तंत्र एका देशाची मिरास राहिलेले नाही, हे दाखवले आहे.

सुरक्षिततेचा प्रश्न या साऱ्याच्या मुळाशी आहे. १९८० च्या दशकात मनोऱ्यांवरून पडून झालेल्या गंभीर अपघातांनंतर मनोऱ्यांच्या उंचीवर बंधने आली आणि प्रशिक्षकांच्या प्रमाणपत्राची व्यवस्था उभी राहू लागली. मार्च २००६ मध्ये एका बास्केटबॉल अंतिम सामन्यात सदर्न इलिनॉय विद्यापीठाची एक चीअरलीडर मनोऱ्यावरून डोक्यावर पडली, आणि स्ट्रेचरला जखडलेल्या अवस्थेत बाहेर नेले जात असतानाही आपल्या संघगीतावर ती हातांच्या हालचाली करत राहिली. देशभर दिसलेल्या त्या दृश्याचे पुष्कळांनी कौतुक केले. त्यानंतर गादीविना बास्केटबॉलच्या मैदानावर बास्केट टॉस करण्यावर महाविद्यालयीन नियमांनी बंदी घातली. कौतुकापेक्षा हा नियम अधिक मोलाचा होता. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सने २०१२ साली काढलेल्या निवेदनात नोंदवले, की १९८२ ते २००९ या काळात शालेय मुलींना खेळांत झालेल्या अतिगंभीर थेट दुखापतींपैकी ६५ टक्के आणि महाविद्यालयीन मुलींच्या बाबतीत ७०.८ टक्के दुखापती चीअरलीडिंगमधील होत्या. येथे अतिगंभीर म्हणजे मृत्यू, कायमचे अपंगत्व किंवा डोके व मणक्याची गंभीर इजा. अशा दुखापतींची एकूण संख्या मोठी नसली, तरी हे प्रमाण पाहून तंत्राचे पुस्तक लिहिणाऱ्याला स्पॉटरविषयीचे प्रकरण परिशिष्टात ढकलण्याचा अधिकार उरत नाही. अनेक शिक्षणपद्धतींत जो नवा असतो किंवा ज्याला जोडीदार मिळालेला नसतो त्याला स्पॉटर केले जाते. ग्रंथ याच्या नेमका उलट आग्रह धरतो, की नव्या जोडीमागे संघातला सर्वांत जाणता खेळाडू उभा असावा, आणि त्याची नजर पावलांवर न राहता फ्लायरच्या डोक्यावर, मानेवर व खांद्यांवर असावी, कारण पडताना वाचवायचे ते हे भाग आहेत.

हा विषय आजच हाती घेण्याला आणखीही कारण आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने इंटरनॅशनल चीअर युनियन या संघटनेला डिसेंबर २०१६ मध्ये तात्पुरती आणि जुलै २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली. त्याआधी २०१० मध्ये कनेक्टिकट राज्यातील संघीय न्यायालयाने क्विनिपिअ‍ॅक विद्यापीठाच्या प्रकरणात असा निर्णय दिला होता, की स्त्री-पुरुष समान संधीच्या कायद्यापुरते स्पर्धात्मक चीअरलीडिंग अद्याप खेळ ठरण्याइतके संघटित झालेले नाही. एका दशकात झालेल्या या अंतरामुळे या विद्येवर नवी जबाबदारी आली आहे. धावणे, पोहणे, भारोत्तोलन यांच्या तंत्रावर अभ्यासपूर्ण ग्रंथांच्या रांगा आहेत. टॉसचे ज्ञान मात्र अजून शिबिरांत, तोंडी सूचनांत आणि एकमेकांचे पाहून करण्यात साठलेले आहे. तोंडी ज्ञान जिवंत असते, पण ते प्रशिक्षकाबरोबर निवृत्त होते, आणि त्याच्या चुकाही त्याच निष्ठेने पुढच्या पिढीकडे जातात.

प्रस्तुत ग्रंथाचा प्रयत्न मर्यादित आणि नेमका आहे. टॉस शिकू पाहणाऱ्या जोडीला, ती करत असलेली चूक स्वतः ओळखता यावी एवढे डोळे त्याला द्यायचे आहेत. त्यामुळे प्रत्येक बिघाड त्याच्या दिसणाऱ्या लक्षणापासून मागे, कारणापर्यंत नेला आहे : फ्लायर पुढे जाऊन पडते तेव्हा पाहावयाचे ते डिपमध्ये बेसची छाती पुढे झुकली होती का, हे, ती वर जाते पण झेल हुकतो तेव्हा पाहावयाचे ते हात कधी सुटले, हे, आणि टॉस एका दिवशी जमतो व दुसऱ्या दिवशी जमत नाही तेव्हा बहुधा दोघे वेगवेगळ्या क्षणी निघत असतात. सरावाची क्रमवारीही याच दृष्टीने लावली आहे. फ्लायरविना डिप, मग फ्लायरसह उडवून कमरेवरच झेलून जमिनीवर ठेवणे, मग पायरीच्या मार्गाने हँड्सवर उभे राहून तेथल्या तोलाची सवय, आणि त्यानंतरच टॉस हँड्स. कोलांट्यांचे आणि गिरक्यांचे टॉस ग्रंथात केवळ दिशा दाखवण्यापुरते येतात. ते पुस्तकातून शिकण्याचे नाहीत, जाणत्या प्रशिक्षकासमोर आणि गादीवरच शिकण्याचे आहेत.

भाषेविषयी दोन खुलासे आवश्यक आहेत. लेखनाच्या सोयीसाठी ग्रंथात बेसला ‘तो’ आणि फ्लायरला ‘ती’ म्हटले आहे, कारण महाविद्यालयीन जोड्यांत तीच रचना अधिक आढळते. परंतु स्त्रिया बेस म्हणून टॉस करतात आणि उत्तम करतात, व वर मांडलेल्या गणितात लिंगाला कोठेही जागा नाही. दुसरे असे, की डिप, टॉस, हँड्स, क्यूपी या शब्दांना संस्कृतोद्भव पर्याय घडवण्याचा मोह टाळला आहे. हे शब्द वाचण्यासाठी जन्मलेले नाहीत. ते गादीवर, दम लागलेला असताना, दोघांनी एकाच क्षणी निघावे म्हणून ओरडण्यासाठी आहेत, आणि ‘डिप’ हा एकच शब्द उच्चारायला जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढ्याच वेळात दोघांचेही गुडघे खाली जाऊन परत वर निघालेले असावे लागतात.